ज्वालामुखी आणि खडक शिकवताना या चुका टाळा: खास इंदूरकर शिक्षक-पालकांसाठी

शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की एक टेबल ठरलेलं असतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा डोंगर, त्याच्या पोटात खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस उतू जातो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. ते टेबल ज्या जमिनीवर उभं आहे तिच्याखालचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही. माळव्याचं पठार म्हणजे दख्खनच्या लाव्हा-प्रदेशाचा उत्तरेकडचा भाग. तरी आपल्या मुलांच्या लेखी ज्वालामुखी जपान-इटलीत असतो आणि खडक पुस्तकात. शिकवण्यातल्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथे आहे.

सोडा-व्हिनेगरवर धडा संपवू नका

त्या मॉडेलात एक गोष्ट खरी आहे: वायू. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे विरघळलेले असतात. शिलारस वर येताना दाब कमी होतो, हे वायू फुगे होऊन सुटतात आणि उद्रेकाला जोर मिळतो. पण मॉडेलात काहीच वितळत नाही, थिजत नाही, आणि शेवटी दगड बनत नाही. मूल घरी जातं ते ‘डोंगरात दोन रसायनं मिसळली की स्फोट होतो’ ही समजूत घेऊन.

दुसरं नुकसान त्या शंकूच्या आकाराचं. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून आला. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या त्या काळ्या दगडाचा, लाव्हा पातळ, तापमान १००० ते १२०० अंश सेल्सिअस, त्यामुळे तो दूरवर पसरत गेला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. म्हणून “मॅडम, आपला ज्वालामुखी कुठाय?” असं कोणी विचारलं तर फळ्यावर डोंगर काढू नका, भेग काढा. सहलीत टोकदार टेकडी दिसली की “हा विझलेला ज्वालामुखी बरं का” म्हणायचा मोहही आवरा. माळव्यातल्या बहुतेक टेकड्या लाव्हाचे थर झिजून उरलेल्या आहेत. सपाट माथा आणि पायऱ्यापायऱ्यांचे उतार हीच त्यांची खूण.

मेण-वाळूचा प्रयोग करा, पण तो फसतो कुठे ते आधी बघा

उष्णता सोसणाऱ्या काचेच्या चंचुपात्रात तळाशी रंगीत मेणाचा सेंटिमीटरभर थर ओतून थिजू द्या. त्यावर तेवढाच वाळूचा थर, आणि वर पाऊण पात्र थंडगार पाणी. खालून एकाच जागी छोटी ज्योत द्या. मेण वितळतं, वाळू फोडून वर उसळतं; काही पाण्यात तंतू होऊन थिजतं, काही पृष्ठभागावर पोचतं, काही वाळूतच अडकतं. हे अडकलेलं मेण सर्वांत मोलाचं. पात्र गार झाल्यावर वाळू चमच्याने उकरून ते मुलांना दाखवा. सगळा शिलारस बाहेर पडत नाही, बराचसा खालीच थिजून खडक होतो, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाणी गढूळ झालं तर वाळू नीट धुतलेली नव्हती. निवळ पाणी येईपर्यंत धुवा. पाणी ओतताना वाळू खड्डा पडून उडाली, तर पाणी चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायला हवं होतं. बराच वेळ काहीच हललं नाही, तर वाळू जाड झाली आहे किंवा ज्योत सगळ्या तळाला लागते आहे. अशा वेळी ‘बघू काय झालं’ म्हणून पात्रावर वाकणं ही सर्वांत धोक्याची चूक, कारण मेण नेमकं तेव्हाच उसळतं. मेण पाण्यात थिजतच नसेल तर पाणी तापलंय, पुढच्या खेपेला बर्फाचं घ्या. जाळीवर पात्र, डोळ्यांना चष्मा, मुलं दोन हात लांब, आणि प्रयोग शिक्षकांनीच करायचा. साधा काचेचा ग्लास अजिबात नको, तडकतो.

पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र नाही

प्रयोग झाला की लगेच एक गोष्ट सांगून टाका: इथे मेण खालच्या आचेने वितळलं, पृथ्वीत बहुतेक वेळा तसं होत नाही. हे न सांगितल्यास पुस्तकातल्या लाल-नारिंगी आकृतीशी त्याची गाठ पडते आणि उत्तरपत्रिकेत ‘शिलारस गाभ्यातून येतो’ असं छापून येतं. भूकवचाखालचं प्रावरण, सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत, बहुतांशी घन खडक आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या प्रावरणातून जातात आणि बाह्य गाभ्याशी अडतात, त्यावरून हे कळलं.

मग शिलारस येतो कुठून? तापलेला खडक हळूहळू वर सरकतो, त्याच्यावरचा दाब घटतो, आणि तापमान न वाढताही त्याचा थोडा भाग वितळतो. कुकरचं उदाहरण इथे चपखल बसतं: दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहतं, दाब गेला की त्याच तापमानाला उकळू लागतं. आठवीची मुलं हे पटकन धरतात. दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्रतळाचं भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतं, त्यातलं पाणी वरच्या गरम खडकात मिसळतं आणि तो कमी तापमानाला वितळू लागतो. अंदमानातलं बॅरन बेट, म्हणजे भारतातला जागृत ज्वालामुखी, या दुसऱ्या प्रकारचा. दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये त्याचा उद्रेक झाला.

वर्गात एक जण हमखास विचारतो, “मग इंदूरला परत लाव्हा येईल?” हसण्यावारी नेऊ नका. भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकलं. ज्या तप्तस्थानाशी, म्हणजे खोलून तापलेला खडक वर येत राहतो त्या जागेशी, दख्खनच्या लाव्हाचा संबंध जोडतात ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही उद्रेक करतो. आपल्याकडे तो पाहुणा परत यायचा नाही.

स्फटिकांचा आकार पाठ करून घेऊ नका

‘सावकाश थंड झाला तर मोठे स्फटिक, झटपट झाला तर बारीक’ हे वाक्य पाठ होतं, कळत नाही. किराणा दुकानातली तुरटी कुटून गरम पाण्यात आणखी विरघळेना होईपर्यंत घाला. गाळून दोन वाट्यांत ओता. एक बर्फाच्या पाण्यात ठेवा, दुसरी टॉवेलात गुंडाळून रात्रभर. पहिलीत पांढरा चुरा बसतो, दुसरीत बोटाने मोजता येतील असे पैलूदार खडे. दुसरीतही चुराच आला, तर कोणीतरी ‘झालं का’ म्हणून वाटी हलवली आहे, आणि घरोघरी हे होतंच. काहीच आलं नाही तर द्रावण पातळ होतं. तुरटीचे स्फटिक पाण्यातल्या द्रावणातून येतात, खडकातले वितळलेल्या शिलारसातून, एवढा फरक सांगायला विसरू नका.

मग ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट शेजारी ठेवा. बेसॉल्टसाठी लांब जायला नको. जिथे बांधकाम चालू आहे तिथे गिट्टीचा ढीग असतो, आणि इंदुरात बांधकाम कुठे चालू नसतं! ताज्या फुटलेल्या बाजूवर भिंग धरा. दगड करडा-काळा, कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. काही तुकड्यांत वाटाण्याएवढी रिकामी भोकं असतात: वायूचे बुडबुडे, लाव्हा थिजला तेव्हा अडकलेले. काहींत ती पांढऱ्या किंवा हिरवट खनिजाने भरलेली. इथे चांगले चांगले शिक्षक घसरतात आणि “बघा, मोठे स्फटिक, म्हणजे हा सावकाश थंड झाला” म्हणतात. ती खनिजं नंतर झिरपलेल्या पाण्याने भोकात आणून बसवलेली असतात, थंड होण्याच्या वेगाशी त्यांचा संबंध नाही.

काळा म्हणजे बेसॉल्ट नव्हे

स्वयंपाकघरातला कडप्पा काळा असतो, पण तो चुनखडक. ओट्यावरचा ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ हे बाजारातलं नाव. तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट हे दुसरे काळे अग्निजन्य खडक असतो. आता ते व्हिनेगर कामाला आणा. कडप्प्याच्या किंवा कोटा फरशीच्या टाकाऊ तुकड्याची कड खिळ्याने खरवडून भुकटी काढा, तिच्यावर दोन थेंब टाका, भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात. साध्या बेसॉल्टवर असं होत नाही. झालंच तर भोकांत बसलेल्या कॅल्साइटमुळे, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजामुळे. बसवलेल्या फरशीवर मात्र प्रयोग नको, डाग पडतो आणि बोलणी आपल्याला बसतात.

रूपांतरित खडक वितळत नाही

‘उष्णतेने खडक वितळून रूपांतरित खडक बनतो’ हे वाक्य वहीत दिसलं की तिथेच थांबवा. वितळला तर थिजून अग्निजन्यच होईल. रूपांतर होतं ते घन अवस्थेत: उष्णता आणि दाब यांनी खनिजांची नव्याने मांडणी होते. चुनखडकाचा संगमरवर असा झाला. आपल्या राज्यातलं उदाहरण म्हणजे जबलपूरचं भेडाघाट. खडकचक्राची गोल आकृतीही एकाच दिशेच्या बाणांनी काढू नका. अग्निजन्य खडक थेट रूपांतरित होऊ शकतो, रूपांतरित खडक झिजून गाळ होऊ शकतो. आपल्या काळ्या मातीकडेच बघा ना: बेसॉल्ट झिजून झालेली. ज्यांच्या घराच्या भिंतींना उन्हाळ्यात तडे जातात त्यांना ती वेगळी ओळखवून द्यावी लागत नाही.

सगळं एका रात्रीत घडल्यासारखं सांगू नका

दख्खनचे उद्रेक थांबत थांबत, काही लाख वर्षं चालले. मधल्या शांततेत वरचा दगड कुजून माती होई, मग नवा लाव्हा तिला झाकून टाकी. घाटातल्या कापात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसला तर तो बहुधा हाच. बोअर मारताना बाहेर येणाऱ्या चुऱ्याचा रंगही खोलीप्रमाणे बदलतो. कॉलनीत बोअर लागली असेल तर थोडा थोडा चुरा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून खोली लिहून ठेवा. फुकटात इतका चांगला नमुना मिळत नाही.

लाव्हाच्या आधी इथे काय होतं, हेही याच धड्यात येऊ द्या. धार जिल्ह्यातली बाघची लेणी वालुकाश्मात कोरलेली आहेत, आणि त्या परिसरातल्या चुनखडकांत समुद्री जीवांचे जीवाश्म मिळतात. नर्मदेच्या खोऱ्यात तेव्हा समुद्र शिरला होता. त्याच पट्ट्यातल्या डायनासोरच्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत ही दगड झालेली अंडी गोल दगड समजून कुलदैवत म्हणून पुजली जात होती. मुलांनी एवढं ऐकलं की खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा हा नियम विसरत नाहीत. डायनासोर लाव्हाने मेले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, हा वाद वर्गात रंगू द्या. दोन्ही घटना साधारण एकाच काळातल्या आहेत.

परीक्षेत ‘खडकांचे प्रकार लिहा’ विचारण्याऐवजी टेबलावर गिट्टी, कोटा आणि संगमरवराचे तुकडे ठेवा आणि ‘कशावरून?’ एवढंच विचारा. प्रत्येक तुकड्यावर तो कुठून उचलला ते लिहिलेलं असू द्या. दुकानातली फरशी राजस्थानची असते, आणि ती इंदूरची समजून बसलेलं मूल पुढे नकाशात अडकतं.

सहल काढायचीच तर पाताळपाणी ते कालाकुंड. हेरिटेज गाडी चालू असेल त्या मोसमात जा, कालाकुंडला कलाकंद खा, ते चुकवायचं नाही. पावसाळ्यात मात्र पाताळपाणी धबधब्याच्या कुंडाकडे वर्ग उतरवू नका; वरच्या बाजूला पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं. कापलेल्या डोंगरातला दगड गाडीच्या खिडकीतूनही दिसतो.