हरकत नोंदवूनही आराखडा का बदलत नाही? नागरिक गटांनी या चुका टाळाव्यात

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या सेक्टरमधल्या मोकळ्या भूखंडाभोवती पत्रे उभे राहिले, की आसपासच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट जागे होतात. मग सह्यांची मोहीम निघते, शिष्टमंडळ आयुक्तांना भेटते आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. मात्र त्या भूखंडावर काय होणार हे बहुधा काही वर्षांपूर्वीच शहराच्या विकास आराखड्यात ठरलेले असते, आणि ते ठरत असताना नागरिकांनी बोलावे यासाठी कायद्याने दार उघडे ठेवलेले असते. नागरिक गटांचे बहुतेक श्रम वाया जातात, ते तळमळ कमी पडते म्हणून नव्हे; त्या दाराशी वेळेवर, योग्य कागद घेऊन कोणी पोहोचत नाही म्हणून.

पत्र भलत्याच कार्यालयात जाते

पहिली चूक पत्त्याची असते. नवी मुंबईत तर ती हमखास होते, कारण १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय नगरनियोजन कंपनीने वसवलेल्या या शहराचा कारभार १९९२ पासून महानगरपालिका पाहत असली, तरी असंख्य भूखंडांची मालकी आजही सिडकोकडे आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक क्षेत्राचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळ करते. महापालिकेने आरक्षणासाठी, म्हणजे मैदान-रुग्णालयासारख्या सार्वजनिक वापराकरिता राखून ठेवण्यासाठी, विचारात घेतलेले काही भूखंड सिडकोने विक्रीसाठी काढल्यामुळे या दोन संस्थांत जाहीर वादही झाला आहे. अशा ठिकाणी केवळ पालिकेला दिलेले निवेदन ‘विषय आमच्या अखत्यारीत नाही’ या शेऱ्यासह परत येते आणि दरम्यान निविदेची तारीख उलटून गेलेली असते.

ठाण्यात गुंता वेगळा आहे. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र लागते, खाडीच्या बाजूला सागरी किनारा नियमन क्षेत्राची बंधने आहेत, आणि मेट्रोचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. म्हणून निवेदनाचा मसुदा करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत: जमीन कोणाची, नियोजन प्राधिकरण कोणते आणि बांधकामाला परवानगी कोण देणार. तिन्ही उत्तरे एकच असतील असे गृहीत धरू नये.

जाग उशिरा येते

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार विकास आराखडा, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, टप्प्याटप्प्याने तयार होतो. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो, त्यानंतर प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध करून कलम २६ नुसार हरकती व सूचना मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देते. नागरिक गट सहसा प्रारूप आराखड्याच्या वेळी धावपळ सुरू करतात. माझ्या मते खरी मेहनत त्याआधी, विद्यमान जमीन वापराच्या टप्प्यावर करायला हवी, कारण पुढचे सगळे त्या नकाशावर उभे राहते. तळे तिथे रिकामी जमीन म्हणून उमटले, किंवा मुले रोज खेळतात ते मैदान नुसतेच ‘मोकळी जागा’ ठरले, तर प्रारूपात त्यावर रहिवासी विभागाचा रंग चढल्याचे आश्चर्य वाटायला नको. प्रभागात पायी फिरून तळी, विहिरी, ओढे, पायवाटा आणि बाजाराच्या जागा छायाचित्रांसह नोंदवणे आणि ती नोंद नगररचना विभागाला आवक क्रमांक घेऊन देणे, हे काम दहा-बारा जणांचा गटही करू शकतो.

नवी मुंबई महापालिकेचा पहिला प्रारूप आराखडा २०२२ मध्ये आला. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. असे प्रसंग पिढीतून एकदाच येतात, कारण आराखड्याची उजळणी साधारण वीस वर्षांनी व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. मात्र दोन आराखड्यांच्या मधल्या काळात कलम ३७ खालील फेरबदल चालूच असतात. एखाद्या आरक्षणात बदल करायचा असेल, तर त्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ही नोटीस बारीक टाइपात, कुठल्यातरी आतल्या पानावर असते. गटातील एकाने तरी जाहीर नोटिसा वाचण्याची जबाबदारी घ्यावी. सकाळच्या चहाबरोबर उरकेल इतके हे काम छोटे आहे आणि तरीही जवळजवळ कोणताच गट ते करत नाही.

हरकत म्हणजे निषेधपत्र नव्हे

सर्वाधिक नुकसान मात्र हरकतीच्या मजकुरामुळे होते. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती काढायच्या, खाली नावे बदलायची आणि गठ्ठा जमा करायचा, ही रीत सगळीकडे रुळली आहे. त्यातून लोकभावना दिसते हे खरे. परंतु पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जाणकार मिळून बनलेल्या नियोजन समितीला अशा गठ्ठ्यातून एकच मुद्दा मिळतो, आणि तो एकाच ओळीत निकाली काढता येतो. ‘आमच्या परिसरातील हिरवळ वाचवा’ या वाक्यावर समितीने नकाशातील नेमकी कोणती रेषा पुसायची?

उपयोगी पडणारी हरकत वेगळी दिसते. तिच्यात मौजे, सर्व्हे क्रमांक व हिस्सा, किंवा सिडकोच्या भागात सेक्टर व भूखंड क्रमांक असतो. आराखड्यातील आरक्षण किंवा प्रस्तावित रस्त्याची ओळख असते. आज त्या जागी काय आहे याचे तारखेसह छायाचित्र असते. आणि नेमकी मागणी असते, म्हणजे आरक्षण रद्द करावे, हलवावे, रस्त्याची रुंदी कमी करावी किंवा वापर बदलावा. त्याहून महत्त्वाचा असतो पर्याय. रुग्णालयाचे आरक्षण आपल्या मैदानावर नको असेल, तर ते जवळपास कोणत्या जागी बसेल हेही सुचवावे. पर्याय देणाऱ्या अर्जाला समितीला उत्तर द्यावे लागते. नुसता नकार फेटाळणे सोपे असते.

हरकत नोंदवून सुनावणीला न जाणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे. सुनावणी बहुधा कामाच्या दिवशी असते आणि प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटे मिळतात, त्यामुळे बोलणारा एकच ठरवावा, त्याच्या हाती नकाशाचा उतारा द्यावा आणि बोललेले सगळे त्याच दिवशी लेखीही सादर करावे. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: हरकत घेण्यासाठी नोंदणीकृत संस्था असण्याची गरज नसते, एकटा रहिवासीही ती घेऊ शकतो.

आरक्षण पडले म्हणजे मैदान मिळाले, असे नाही

नकाशात हिरवा रंग आला की गट विसर्जित होतो. इथे कलम १२७ समजून घ्यायला हवे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित खासगी जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून आपल्या प्रभागातील आरक्षणांची यादी करून दरवर्षी विचारावे की कशाचे संपादन झाले, कशाचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्काने (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काने) दिला गेला, कोणत्या आरक्षणाबाबत मालकाची नोटीस आली आहे. माहिती अधिकाराचा अर्ज यासाठी पुरेसा आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एका विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहावा लागतो, त्यामुळे पाच प्रश्न एकाच अर्जात कोंबू नयेत.

जमीन सरकारी असली तरी निश्चिंत होता येत नाही. घणसोलीत शासकीय क्रीडासंकुलासाठी २००३ मध्ये २० एकर जागा राखली गेली होती. २०१६ मध्ये सिडकोने तिचा काही भाग खासगी विकासकाला दिला, आणि २०२१ मध्ये शासनाने संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नाणोरे येथे हलवण्याचे ठरवले. वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे नवी मुंबई केंद्र न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

गावठाणाला वगळून परिसर होत नाही

सोसायट्यांच्या महासंघाने केलेला ‘परिसराचा आराखडा’ पुष्कळदा सेक्टरच्या हद्दीत संपतो. सारसोळे, दिवाळे, चेंदणी कोळीवाडा यांसारख्या वस्त्यांना त्यात स्थान नसते, किंवा असते ते केवळ अतिक्रमण म्हणून. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांच्या जमिनीवर हे शहर उभे आहे. तिथले ज्येष्ठ नाले, बांध आणि भरतीचे पाणी यांविषयी जे सांगतात, ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात नसते. शिवाय दोन गटांनी परस्परविरोधी हरकती घेतल्या, तर प्रशासनाला दोन्ही बाजूला ठेवण्याची सोय होते.

अंदाजपत्रकाबाबतही वेळच चुकते. आयुक्त ते साधारण फेब्रुवारीत मांडतात, म्हणून पदपथ किंवा वाचनालयाची मागणी दिवाळीच्या आसपास, प्रभाग कार्यालयाकडून खर्चाचा अंदाज घेऊन द्यावी. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे. ती वापरली जावी यासाठी गटाने नगरसेवकांकडे लेखी आग्रह धरावा.

सगळे उपाय थकल्यावर न्यायालय उरते, परंतु तिथेही विलंब आडवा येतो. पर्यावरणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादाकडे न्यायचा असेल, तर वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि पुरेसे कारण दाखवल्यास त्यात फार तर साठ दिवसांची भर पडते. सह्यांच्या मोहिमेत आणि भेटीगाठींत हे महिने भराभर सरतात, तेव्हा निवेदन देतानाच वकिलाला कागद दाखवून ठेवावेत.