वणव्याच्या धुरात पळायचे कधी, थांबायचे कधी

फेब्रुवारी सरत आला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांवर वणवे दिसू लागतात. काजूची बागायत साफ करताना पेटवलेला पातेरा (वाळका पालापाचोळा) हाताबाहेर जातो, शेजारचे वाळके गवत पेट घेते आणि धूर खालच्या गावांत उतरतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास इतक्या ठिकाणी आगी लागल्या की पाणी ओतायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. अशा दिवसांत पळणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘पहाटे जा, तेव्हा हवा स्वच्छ असते.’ एरवी ठीक आहे. वणव्याच्या दिवसांत गोव्यात याच्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही.

१. धूर की धुके, हे ठरवा

या दिवसांत सकाळी धुकेही पडते. धुके पांढरे आणि ओलसर असते, ऊन वर आले की विरते. धूर पिवळट-करडा असतो आणि नऊ वाजले तरी हटत नाही. वासावर विसंबू नका, दहा मिनिटांत नाक सरावते. रोजच्या रस्त्यावरून दिसणारी लांबची एक खूण धरून ठेवा. मिरामारला पळत असाल तर समोरचा आग्वाद किल्ला. तो नेहमीच्या दिवशी किती रेखीव दिसतो हे डोळ्यांना माहीत असले की बाकी आपोआप कळते.

२. आकडा वाचा, पण नीट

मोबाइलवर दिसणारा ‘एक्यूआय’, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, सगळीकडे एकच नसतो. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय मोजपट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि शेरा ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या वर जाते आणि शेरा ‘अपायकारक’. एक मित्र एक ॲप बघतो, दुसरा दुसरे, आणि दोघे वाद घालत बसतात. म्हणून निर्देशांक सोडा आणि पीएम २.५ चा मायक्रोग्रॅममधला आकडा शोधा.

तोही ताशी हवा. भारतीय निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे पहाटे साचलेला धूर त्यात दुपारपर्यंत पुरता दिसत नाही आणि संध्याकाळी हवा निवळली तरी आकडा वरच राहतो. हाताने नमुने घेणारी केंद्रे तर आठवड्यातून दोनदाच मोजणी करतात. आज पळायचे की नाही, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

आग कुठे आहे, हे नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर फुकट दिसते. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातात, तेव्हा ठिपका नाही म्हणजे आग नाही, असे समजू नका.

३. घड्याळ वाऱ्याचे लावा

इथेच बहुतेक जण चुकतात, आणि वर्षानुवर्षे चुकत राहतात.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहू लागतो. डोंगरउतारावरची थंड, जड हवा धूर घेऊन म्हादईच्या खोऱ्यात घरंगळते आणि तिथून किनाऱ्याकडे सरकते. वर उबदार हवेचे झाकण बसलेले असते, त्यामुळे धूर वर जाऊ शकत नाही. वाळपई, फोंडा, डिचोली भागात पहाटे पाच ते आठ या वेळात तो सर्वांत दाट असतो, म्हणजे नेमका आपल्या बुटांच्या नाड्या बांधायच्या वेळी.

ऊन तापले की साधारण नऊ-दहानंतर झाकण फुटते आणि धूर वर विरळ होतो. अकरा-बाराच्या सुमारास किनाऱ्यावर खारा वारा सुरू होतो. आता लगेच बाहेर पडायचा मोह होतो. पडू नका. रात्रभर मतलई वाऱ्याने समुद्रावर नेलेला धूर तिथेच रेंगाळत असतो आणि पहिला खारा वारा तोच परत किनाऱ्यावर आणतो. हा परतीचा धूर निघून जायला तास-दोन तास द्या. तसेही मार्चच्या दुपारी पळणे हा दुसरा मूर्खपणा आहे.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांची वेळ म्हणजे संध्याकाळी पाच ते साडेसहा. खारा वारा अजून टिकून असतो आणि समुद्रावरून येताना त्याच्या वाटेत जळणारे काही नसते. जागा पुळणीची: मिरामार, कोलवा-बाणावली, मोरजी. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू मिळते. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेवढा हिशेब ठेवा. वस्तीच्या रस्त्यांनी जाऊ नका. तिन्हीसांजेला अंगणातला पातेरा पेटवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो धूर कुठल्याच ॲपवर उमटत नाही. सूर्यास्तानंतर वारा पडतो, त्याआधी घरी या.

सत्तरी-सांगेकरांचे गणित उलटे आहे. संध्याकाळी खारा वारा धूर घाटाकडे ढकलतो, म्हणजे तुमच्याच दिशेने. त्यांनी मोठा सराव आठवड्यातून एकदा किनाऱ्यावर जाऊन करावा आणि बाकीचा घरात. चोर्ला किंवा अनमोड घाटात सायकल तर काढूच नका. दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते आणि आगीच्या वरचा घाट धुराड्यासारखा ओढतो. तिथे बारीक कणांसोबत कार्बन मोनॉक्साइडही असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि चढावर प्राणवायू कमी पडतो. डोके जड झाले की ऊन लागले असे समजून माणूस पाणी पितो आणि पुढे चढत राहतो. माघारी फिरायची वेळ तीच.

४. आधी वेळ कापा, मग वेग

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. हलके पळताना ४० लिटर धरा, दमदार पळताना ६० ते १०० आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी बाद. हवेत ६० मायक्रोग्रॅम असताना ४० मिनिटांच्या हलक्या पळण्यात साधारण ९५ मायक्रोग्रॅम आत जातात. त्याच हवेत मिनिटाला ६० लिटरने दोन तास पळालात तर ४३०. म्हणून रविवारचे लांब पळणे सर्वांत आधी रद्द करायचे. लोक नेमके तेच वाचवायला बघतात.

माझा नियम ताशी आकड्यावर चालतो: ३० पर्यंत नेहमीसारखे, ३० ते ६० असेल तर फक्त हलके, तासाच्या आत, वेगाचे तुकडे (मधूनमधून जोरात पळणे) नाहीत, ६० ते ९० मध्ये अर्धा तास, बोलता येईल इतपत, ९० च्या वर बाहेर नाही. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आकडा ३० च्या वर गेला की थांबा. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवूनच निघावे.

घड्याळातला वेग बघू नका. धुरात त्याच वेगाला नाडी जास्त पडते, त्यात उकाड्याची भर.

५. मास्क

ओला रुमाल, सुती मास्क, सर्जिकल मास्क बारीक कणांना पुरत नाहीत. एन ९५ किंवा एफएफपी २ चेहऱ्याला घट्ट बसला तर थांबवतो, पण आपल्या दमट हवेत पळताना तो पंधरा मिनिटांत घामाने भिजतो आणि श्वास जड होतो. चालण्यासाठी, कामावर जाण्यासाठी वापरा. मास्क लावून वेगाचे तुकडे मारणाऱ्यांना काय सांगावे! दाढी असेल तर कडेने हवा शिरते, मग तोही फुकट.

गूळ खाऊन, वाफ घेऊन फुप्फुसातले कण निघत नाहीत. घसा सुखावतो, एवढेच.

६. घरातला सराव

खिडक्या पहाटे बंद ठेवा, दुपारी खारा वारा स्थिरावला की उघडा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची जाळी फक्त जाड धूळ धरते. बारीक कण धरणाऱ्या हेपा गाळणीचा प्युरिफायर असेल तर सरावाआधी तासभर लावा. त्या खोलीत अगरबत्ती नको, शेजारी मासळी तळणे नको. ट्रेडमिल किंवा सायकलचा ट्रेनर असेल तर उत्तम, नसेल तर ताकदीचे व्यायाम करा. आठ-दहा दिवसांच्या खंडाने दमसास फारसा उतरत नाही.

७. पुन्हा सुरुवात

खोकला, छातीतली घरघर आणि घशाची खवखव पूर्ण थांबल्यावर आणखी दोन दिवस जाऊ द्या, मग तीन हलके दिवस, त्यानंतर वेग. छातीत दुखले किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता डॉक्टर गाठा. घाटात मात्र आग विझल्याची बातमी आली तरी चारेक दिवस जाऊ नका. बुंधे आतून धुमसत राहतात, अर्धवट जळालेली झाडे वाऱ्याने रस्त्यावर येतात, आणि वळणावर साचलेल्या राखेवर सायकलचे बारीक टायर घसरतात.