टाकी फुल आहे, पण जाणार कुठपर्यंत? मोटरहोमच्या डिझेलचा हिशोब

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन निघताना बहुतेक लोक टाकी गुणिले ॲव्हरेज करतात आणि खूश होऊन निघतात. ३०० लिटरची टाकी, लिटरला साडेचार, म्हणजे १३५० किमी, मग कसली काळजी! पण ॲव्हरेज हे सगळ्या रस्त्यांचं मिळून असतं आणि गाडी अडकते ती एकाच टप्प्यात, जिथे पुढचा पंप ४०० किमीवर आहे, रस्ता खडीचा आहे आणि समोरून वारा सुटलाय. म्हणून हिशोब ट्रिपचा नाही, दोन पंपांमधल्या टप्प्याचा करायचा, आणि तोही आपल्या गाडीचं सगळ्यात वाईट ॲव्हरेज धरून.

ते वाईट ॲव्हरेज आधी माहीत पाहिजे ना. त्यासाठी टाकी फुल ते टाकी फुल मोजा. नोझल कट झालं की लगेच थांबू नका, डिझेलला फेस येतो, दोन मिनिटं फेस बसू द्या मग हळूहळू भरा, आणि दर वेळी त्याच पद्धतीने भरा नाहीतर दहा-पंधरा लिटरचा फरक असाच पडतो. अंतर जीपीएसवरून घ्या, कारण मोठे टायर टाकले असतील तर मीटर कमी किमी दाखवतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर माझा तरी फार भरवसा नाही. हायवे, कच्चा रस्ता आणि घाट यांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा, शेजारी वारा कसा होता तेही लिहा.

आता वारा आणि स्पीड, कारण खरं डिझेल इथेच जातं. साधारण १२ टनांची गाडी, समोरचा भाग ८ चौरस मीटरच्या आसपास, सपाट डांबरी रस्ता, स्पीड ९०. यात गाडी पुढे ढकलायला जेवढा जोर लागतो त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश हवा फाडण्यात जातो, टायरचा वाटा उरलेला. आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे ८० वरून १०० वर गेलात की लागणारा एकूण जोर एक तृतीयांशाने वाढतो. समोरून ३० चा वारा असेल तर ९० वर चालणाऱ्या गाडीला हवा १२० ची लागते आणि जोर सरळ दीडपट होतो! म्हणजे जिथे १०० किमीला २२ लिटर लागायचे तिथे ३३ लागतील. पण त्याच वाऱ्यात ७० वर आलात तर बिनवाऱ्याच्या ९० पेक्षा वाढ पंधराएक टक्क्यांवर येते. वारा आपल्या हातात नाही, रस्ता नाही, पंप नाही, पाय मात्र आपलाच आहे. फक्त स्पीड कमी करताना वरच्याच गिअरमध्ये इंजिन गुरगुरत ओढू नका, एक गिअर खाली घ्या.

आणखी एक, जाताना मागून वारा असेल आणि गाडी मस्त ॲव्हरेज देत असेल तर हुरळून जायचं नाही, कारण त्याच रस्त्याने परत यायचं असेल तर तोच वारा तोंडावर येणार.

वजनाबद्दल लोक उगाच जास्त डोकं लावतात. सपाट रस्त्यावर २०० लिटर पाणी कमी केलं तर १२ टनांच्या गाडीत फरक जेमतेम दिसतो, आणि निर्मनुष्य भागात पाणी कमी नेणं हा तर वेडेपणाच. वजन कळतं चढावर. १२ टन १००० मीटर वर चढवायला नेहमीच्या खर्चावर साधारण आठ-नऊ लिटर डिझेल जास्त लागतं. उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, पण ब्रेक मारत उतरलात तर सगळं ब्रेकमध्येच जाळलंत. गिअरमध्येच उतरा, ॲक्सिलरेटर सोडला की आधुनिक इंजिन डिझेल टाकतच नाही. न्यूट्रल करून उतरणारे महाभाग असतात, तिथे इंजिन आयडलिंगचं डिझेल पितंच आणि गाडी हातात राहत नाही ते वेगळंच.

टायरमधली हवा अंदाजाने नको. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या, प्रत्येक ॲक्सलचं वजन घ्या, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून हवा ठेवा. वाळूत हवा कमी करावी लागते, ठीक आहे, पण डांबरी रस्ता लागला की परत भरा, कमी हवेवर डिझेलही जातं आणि टायरही तापतो.

उभी गाडीही पिते हे लोक विसरतात. मोठं इंजिन आयडलिंगला तासाला २-३ लिटर घेतं, म्हणजे एसीसाठी रात्रभर चालू ठेवलं तर २० लिटर गेलेच. डिझेल हीटर त्यामानाने सोसतो, छोटा असेल तर तासाला पाव लिटरच्या आत.

आता टप्प्याचा हिशोब. टाकी ३०० ची असली तरी तळातलं डिझेल पाइप ओढत नाही, म्हणून २७० च धरा. पुढचा पंप ४०० किमीवर, कच्च्या रस्त्याचं तुमचं वाईट ॲव्हरेज १०० किमीला ३५ लिटर, म्हणजे लागणार १४०. त्यावर पाव भाग वाढवा, १७५. आरामात पोचतो की! पण तो पंप बंद निघाला तर? परत यायला अजून १४०, जाऊन येऊन २८० आणि आपल्याकडे २७०. असे टप्पे खरोखर आहेत, अलास्कात डाल्टन हायवेवर कोल्डफूट ते डेडहॉर्स साधारण ३८५ किमी मध्ये पंपच नाही. अशा ठिकाणी २० लिटरचे दोन कॅन बाहेरच्या बाजूला घट्ट बांधून घ्या, निघायच्या आधी पुढच्या पंपावर फोन करून डिझेल आहे का विचारा, आणि अर्ध्या वाटेवर थांबून काटा बघा. तिथपर्यंत ७० लिटर जायला हवे होते आणि ९० गेले असतील तर लगेच स्पीड खाली आणा, पुढचा पंप चालू असल्याची खात्री नसेल तर तिथूनच फिरा.

कॅन काठोकाठ भरू नका. डिझेल तापलं की फुगतं, ३०० लिटर ३० अंशांनी तापलं तर सात लिटरच्या आसपास वाढतं, त्यामुळे जमिनीखालच्या टाकीतलं थंड डिझेल भरून गाडी उन्हात उभी करायची असेल तर टाकीतही जागा सोडा.

ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, लागणारी गाडी असेल तर तेही हिशोबात घ्या. डिझेलच्या साधारण ५ टक्के धरा, म्हणजे २० लिटर ॲडब्लू ४०० लिटर डिझेलला पुरतं. ते संपलं तर डिझेल असूनही बऱ्याच गाड्या बंद केल्यावर परत चालू होत नाहीत, आणि उणे ११ अंशांना ते गोठतं.

आडवाटेच्या पंपावर डिझेलमध्ये पाणी असू शकतं. वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर, रोज सकाळी खालून उघडून थोडं डिझेल काढून बघा, पाणी तळाला वेगळं दिसतं. एक-दोन जादा फिल्टर जवळ असू द्या, आणि फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या पाइपमध्ये शिरलेली हवा हँडपंपने कशी काढायची ते निघायच्या आधी घरीच एकदा करून बघा.