वॉनच्या सबवे स्टेशनवरून आयकिया-वॉलमार्टला चालत कसं जायचं

टोरंटोत नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिल्या महिन्यातली अडचण ठरलेली असते. गाडी नाही, लायसन्स नाही, पण गादी, पातेली आणि अभ्यासाचं टेबल तर लागतंच. मी फिंच वेस्टला राहते, गाडी चालवत नाही आणि शिकायची हौसही नाही, त्यामुळे ‘ताई, आयकियाला कसं जायचं?’ हा फोन हमखास मला येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी जागा समजून घ्या. १७ डिसेंबर २०१७ ला टोरंटोच्या सबवेची, म्हणजे इथल्या मेट्रोची, लाइन १ शेपर्ड वेस्ट स्टेशनच्या पुढे ८.६ किलोमीटर वाढली आणि सहा नवी स्टेशनं झाली. त्यातलं शेवटचं, टोरंटोच्या उत्तरेला लागून असलेल्या वॉन शहरातलं वॉन मेट्रोपॉलिटन सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी व्हीएमसी. टोरंटोची सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या टीटीसीचा सबवे शहराची हद्द ओलांडून गेला तो याच वेळी, पहिल्यांदा. पण तो जिथे पोचला तिथे होते हायवे ७, हायवे ४०० आणि त्यांच्या कडेने गोदामाएवढी दुकानं, प्रत्येकापुढे अफाट पार्किंग. सगळी आखणी गाडीवाल्यांसाठी झालेली आणि पायी येणारी माणसं मागाहून आली. डोंबिवलीत जिना उतरला की पाय बाजारात पडतो, तसं इथे होत नाही. याच लाइनवरच्या यॉर्कडेल स्टेशनातून मॉलमध्ये छपराखालून जाता येतं. तो अनुभव घेऊन व्हीएमसीला जाल तर पहिल्याच वाऱ्यात कान लाल होतील.

भाड्याची काळजी नको. भाडं भरायचं प्रेस्टो कार्ड असेल तर २६ फेब्रुवारी २०२४ पासून टीटीसी आणि यॉर्क रीजनच्या (वॉन ज्यात येतं त्या विभागाच्या) बसमध्ये बदली करताना पुन्हा पैसे पडत नाहीत. त्यामुळे ‘एवढ्यासाठी कशाला बस’ म्हणून थंडीत कुडकुडत चालण्यात काही शहाणपण नाही.

आता आयकिया. नकाशावर ते साधारण किलोमीटरभर दिसतं, पण इथे मीटर मोजून उपयोग नाही. ओलांडायचे रस्ते आणि पार्किंगची तोंडं मोजा. स्टेशनच्या घुमटातून बाहेर आलात की हायवे ७ च्या उत्तरेकडच्या फुटपाथने पश्चिमेला एजली बुलेवार्डच्या चौकापर्यंत या. रस्त्यापलीकडे दक्षिणेला हाच रस्ता इंटरचेंज वे होतो, आयकिया त्याच रस्त्यावर आहे. मधूनच पळत रस्ता ओलांडायचा मोह होईल, कारण पलीकडचं सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. तसं अजिबात करू नका. हायवे ७ च्या मधोमध यॉर्क रीजनच्या जलद विवा बसच्या स्वतंत्र लेन आहेत, त्यामुळे रस्ता फारच रुंद झालाय. चौकात खांबावरचं बटण दाबा, नाहीतर चालणाऱ्याचा सिग्नल लागेलच असं नाही. एका दमात पलीकडे पोचता आलं नाही तर मधल्या दुभाजकावर थांबा आणि तिथलं बटण पुन्हा दाबा. आणि उजवीकडे वळणाऱ्या गाडीकडे बघा. ओंटारिओत लाल दिव्यालाही थांबून उजवीकडे वळता येतं. त्या चालकाची मान डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे असते, तुमच्याकडे नसते. त्याची नजर मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग तुमचा चालायचा पांढरा दिवा लागला असला तरी.

उन्हाळ्यात सासूबाईंना याच रस्त्याने नेलं होतं. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाल्या, “अगं, इथे माणसं चालत नाहीत का?” चालतात, पण दुकानाचं तोंड त्यांच्याकडे नसतं. फुटपाथ संपतो तिथून दारापर्यंतचा टप्पा पार्किंगमधूनच जातो. तिथे गाड्यांच्या रांगांमधून तिरपं कापत जाऊ नका, रिव्हर्स घेणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. इमारतीची कड धरून जा, थोडं लांब पडलं तरी.

वॉलमार्टसाठी जुने सल्ले ऐकू नका. पूर्वी ते स्टेशनच्या अगदी जवळ होतं. सबवे आल्यावर त्याला सुगीचे दिवस यावेत, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. स्टेशनलगतची जमीन इतकी मोलाची झाली की तिच्यावर बैठं दुकान आणि फुकटचं पार्किंग परवडेना. २०२० मध्ये वॉलमार्ट वायव्येला ॲपलवुड क्रेसेंटवर गेलं आणि स्टेशनभोवती ५५ मजली टॉवर उभे राहिले. गंमत म्हणजे हे टॉवर बांधण्यात पुढे असलेली स्मार्टसेंटर्स ही कंपनी वॉलमार्टभोवतीचे प्लाझा बांधूनच मोठी झाली. माझ्या मते हे बरंच झालं, वस्ती आल्याशिवाय फुटपाथला कुणी विचारत नाही. मात्र बांधकाम चालू असतं तिथे फुटपाथ कधीही बंद होतो. ‘फुटपाथ बंद’ची पाटी दिसली की आधीच्या चौकातच बाजू बदला.

कॉस्टको हे घाऊक मालाचं दुकान हायवे ४०० च्या पलीकडे आहे. तिथे चालत जाऊच नका. हायवेवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांचे रॅम्प ओलांडावे लागतात आणि त्या गाड्या वेगाच्या नादात असतात. स्टेशनातल्या भुयारी वाटेने हायवे ७ च्या मधोमध विवाच्या थांब्यावर निघा, पश्चिमेकडची विवा ऑरेंज मार्गाची बस पकडा. वॉन मिल्स मॉललाही बसनेच जा, २० नंबरच्या जेन बसने.

थंडीत पार्किंगमधला बर्फ कोपऱ्यात रचतात आणि नेमकी चालायची वाट त्याखाली जाते. पकड असलेले बूट घाला. काळा बर्फ, म्हणजे गोठलेल्या पाण्याचा पारदर्शक थर, डांबरावर दिसतच नाही.

गाडीवाला मित्र सोडायला येणार असेल तर त्याला सांगा, दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून सबवेने डाउनटाउनला जायचं नाही, ती खासगी जागा असते. व्हीएमसीला टीटीसीचं पार्किंग नाही. ते हायवे ४०७, पायोनिअर व्हिलेज आणि फिंच वेस्टला आहे.

सामान आणायला दोन चाकांची बंडल बगी, म्हणजे हाताने ओढायची गाडी, घ्या. दुकानाची ट्रॉली स्टेशनपर्यंत न्यायचा विचार करू नका, बऱ्याच ठिकाणी हद्द ओलांडली की तिची चाकं लॉक होतात. गादी आणि कपाट घरपोच मागवा, बाकीचं बगीत मावतं. स्टेशनात लिफ्ट आहे. व्हीएमसी हे टोकाचं स्टेशन, त्यामुळे परतीला गाडी रिकामी मिळते. लगेच आत शिरा आणि खोकी भिंतीला लावून टाका, कारण यॉर्क युनिव्हर्सिटीला विद्यार्थ्यांचा लोंढा चढतो आणि मग बगी हलवायलाही जागा उरत नाही.