दृश्य कार्यरत स्मृतीचे प्रयोग : या चुका टाळा

पाहिलेली गोष्ट काही क्षण मनात धरून ठेवणारी ती दृश्य कार्यरत स्मृती. तिच्या प्रयोगांत दर फेरीला रंगीत चौकोन क्षणभर दाखवतात आणि थोड्या विरामानंतर त्यांच्याबद्दल प्रश्न विचारतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अशा प्रयोगांचे आराखडे तपासताना एकच गोष्ट दरवर्षी खटकते. चौकोनांचे रंग, आकार आणि अंतर यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. चौकोन नाहीसे झाल्यापासून प्रश्न येईपर्यंतचा विरामकाळ मात्र एका ओळीत उरकलेला असतो. प्रयुक्ताच्या, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याच्या, लेखी तो काळ रिकामा नसतो. प्रश्न केव्हा येणार याचा अंदाज तो बांधत असतो आणि स्मृतीतील कोणती वस्तू केव्हा पुढे आणायची हेही त्या अंदाजावर ठरते. फान एडे, निक्लाउस आणि नोब्रे या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच दाखवले. दोन वस्तूंपैकी एकीबद्दल लवकर आणि दुसरीबद्दल उशिरा विचारले जाण्याची शक्यता जास्त ठेवली, तेव्हा अपेक्षित वेळी विचारलेल्या वस्तूबाबत कामगिरी सरस ठरली.

सर्वांत चिवट चूक म्हणजे विरामकाळ यादृच्छिक ठेवला की अपेक्षेचा प्रश्न मिटला, ही समजूत. एका विद्यार्थ्याने ५००, १०००, १५०० आणि २००० मिलिसेकंद असे चार विरामकाळ सारख्या प्रमाणात वापरले होते. विराम जितका लांब, तितका प्रतिक्रियाकाळ कमी, असा सुरेख उतरता आलेख मिळाला आणि काळ जाईल तशी स्मृती पक्की होते, असा निष्कर्ष लिहूनही झाला. मी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. पहिली, अचूकता वाढली आहे का? ती वाढली नव्हती. दुसरी, ५०० मिलिसेकंदांच्या फेऱ्या आधीच्या फेरीतील विरामानुसार वेगळ्या काढल्या तर काय दिसते? आधीची फेरी लांब विरामाची असेल तिथे प्रयुक्त स्पष्टपणे मंदावला होता. म्हणजे आलेखात स्मृती नव्हती, तयारी होती.

याचे गणित सोपे आहे. चार विराम समसमान असतील तर प्रश्न ५०० ला येण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. तेव्हा आला नाही तर १००० ला एक तृतीयांश, मग निम्मी, आणि २००० ला तर खात्रीच. वाट पाहणाऱ्याची सज्जता त्या प्रमाणात चढत जाते. ही चढण सपाट करायची तर १६० फेऱ्यांपैकी ८० मध्ये ५००, ४० मध्ये १०००, २० मध्ये १५०० आणि १० मध्ये २००० मिलिसेकंदांचा विराम ठेवावा आणि उरलेल्या १० मध्ये प्रश्नच विचारू नये. मग प्रत्येक टप्प्यावर शक्यता निम्मीच राहते. लांब विरामाच्या फेऱ्या कमी पडतात, त्यामुळे प्रयुक्ताला अनेकदा बोलवावे लागते, अशी तक्रार लगेच येते. तक्रार खरी आहे, पण महिन्याभरात प्रबंध उरकण्याची घाई असेल त्याने विरामकाळ हा विषय निवडू नये. मी स्वतः प्रोग्रामला हात लावण्यापूर्वी या शक्यतांचा तक्ता कागदावर मांडते. आयता प्रोग्राम उचलणाऱ्यांकडे हा कागद कधीच नसतो.

दुसरी चूक पश्चात्-संकेताची, म्हणजे चित्र गेल्यानंतर कोणत्या वस्तूकडे अवधान वळवायचे हे सांगणाऱ्या बाणाची. चित्र गेल्यावर १०० मिलिसेकंदांतच बाण दाखवला, तर स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये दाखवलेली क्षणिक प्रतिमास्मृती, म्हणजे चित्र गेल्यावरही क्षणभर रेंगाळणारी त्याची छाप, मोजली जाते; कार्यरत स्मृती नव्हे. मी मध्ये किमान सेकंदभर सोडायला लावते. बाणानंतर लगेच प्रश्न टाकणेही तितकेच निरर्थक, कारण अवधान वळायला काहीशे मिलिसेकंद लागतात. त्याहून घातक प्रकार तुलनेत होतो : बाणाच्या फेऱ्यांत प्रश्न २००० ला आणि बिनबाणाच्या फेऱ्यांत १००० ला. मग फरक बाणाचा की वेळेचा, हे कोणीच सांगू शकत नाही. तटस्थ, म्हणजे बिनबाणाच्या, फेरीत त्याच क्षणी दिशाहीन खूण दाखवावी आणि प्रश्नाची वेळही तीच ठेवावी. शिवाय बाण येतो त्या क्षणीच प्रश्न विचारणाऱ्या काही फेऱ्या जोडाव्यात, म्हणजे बाणाने स्मृती सुधारली की फक्त तिची झीज थांबवली, हे पाहता येते.

बाकीच्या चुका थोडक्यात. धारणक्षमता, म्हणजे स्मृतीत एका वेळी मावणाऱ्या वस्तूंची संख्या, काढताना एका वेळी एकाच वस्तूबद्दल विचारत असाल तर कोवन यांचे सूत्र, पूर्ण चित्र पुन्हा दाखवत असाल तर पॅशलर यांचे. दोन्हींची सरमिसळ करू नये. दोनच चौकोन दाखवून धारणक्षमता दोन निघाली, असे लिहू नये. लक आणि व्होगेल यांच्या १९९७ च्या प्रयोगांत ती चारच्या आसपास आढळली होती आणि दोन चौकोनांत तिथवर पोहोचण्याची सोयच नाही. प्रयुक्त ओठांतल्या ओठांत ‘लाल, निळा’ म्हणत असेल तर त्याला दोन अंक सतत म्हणायला लावावेत, म्हणजे रंगांची नावे घोकता येत नाहीत. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवणाऱ्या, पडद्यावर असे एक चित्र, म्हणजे एक चौकट, सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, तेव्हा ११० मिलिसेकंद असे लिहून काही साधत नाही. १०० म्हणजे सहा चौकटी, असाच हिशेब करावा आणि तो प्रकाशसंवेदकाने पडताळावा. सरावाच्या फेऱ्यांत वेळ वाचवण्यासाठी विराम आखूड केले जातात, हेही बंद व्हावे : मुख्य प्रयोगाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रयुक्त सरावातल्याच वेळेची वाट पाहत बसतो.