द्रोममधला जर्दाळूचा हंगाम: फ्रान्समध्ये शिकणाऱ्यांनी एक उन्हाळा गावात का काढावा

फ्रान्समध्ये मास्टर्सला आलेल्या आपल्या मुलांचा पहिला उन्हाळा बहुतेक वेळा शहरातच जातो. मे महिन्यात परीक्षा संपतात, वर्गातली फ्रेंच मुलं आपापल्या घरी निघून जातात, हॉस्टेलचा मजला रिकामा होतो आणि मग आपलीच चार डोकी एकत्र जमून जुलै-ऑगस्ट कसेबसे ढकलतात. इंटर्नशिप मिळाली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: गावात जा आणि हंगामी कामाला लागा. मी ग्रेनोबलला शिकत असताना उन्हाळा द्रोम जिल्ह्याच्या दक्षिणेला, न्योंसजवळच्या एका छोट्या गावात जर्दाळू तोडण्यात काढला. माझी फ्रेंच भाषा तिथे सुटली. वर्गात ती कधीच सुटली नव्हती.

याचं कारण साधं आहे. शहरात कोणाशीही न बोलता आख्खा आठवडा काढता येतो. सुपरमार्केटमध्ये मशीनवर बिल होतं, ट्रामचं तिकीट मोबाइलवर निघतं, वर्गमित्र इंग्रजीत उत्तर देतात. गावात हे जमतच नाही. पाव आणायला गेलात की बोलावं लागतं, पोस्टात बोलावं लागतं, सायकलची चेन तुटली तर शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं. आणि उन्हाळ्यात तर सगळं गाव घराबाहेर असतं. शिवाय या दिवसांत गावात बाहेरची माणसं भरपूर असतात: सुट्टीचं घर उघडायला आलेली पॅरिसची कुटुंबं, डच आणि बेल्जियन पर्यटक, स्पेन-मोरोक्कोहून आलेले मजूर, व्हॅनमध्ये राहून हंगामामागून हंगाम करणारी तरुण पोरं. आपण वेगळे दिसतो याचं कोणाला फारसं अप्रूप राहत नाही. हिवाळ्यात त्याच गावात नव्याने गेलात तर दारं उघडायला कितीतरी जास्त वेळ लागेल.

आधी कागदपत्रांचं बघू. विद्यार्थी व्हिसावर तुम्हाला वर्षाला ९६४ तास काम करता येतं. वर्षभर कुठे पार्ट-टाइम केलं असेल तर ते तास यातूनच वजा होतात, म्हणून जूनमध्ये पगाराच्या पावत्या घेऊन बेरीज करा आणि मगच हंगाम ठरवा. या मर्यादेत वेगळा वर्क परमिट लागत नाही, पण तुम्हाला कामावर घेण्याआधी किमान दोन कामकाजाचे दिवस मालकाने प्रेफेक्त्युरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाला, कळवायचं असतं. लहान बागायतदारांना हे बरेचदा माहीत नसतं, त्यामुळे तुम्हीच अदबीने आठवण करा. पर्यटक व्हिसावर आलेल्या भावंडाला 'थोडे दिवस मदतीला' घेऊन जाणं मात्र पूर्णपणे बेकायदा आहे, त्या फंदात पडू नका. २०२५ मध्ये किमान वेतन ताशी ११.८८ युरो होतं, सगळी वजावट होऊन हातात साधारण ९.४० युरो यायचे. आठवड्याचे ३५ तास झाले की पुढच्या तासांना आधी २५ टक्के आणि आठ तासांनंतर ५० टक्के जास्त दर मिळतो. हंगाम संपताना रजेच्या बदल्यात पगाराच्या १० टक्के रक्कम वेगळी मिळते. हे आकडे पाठ असू द्या.

माझं बालपण निफाडकडच्या द्राक्षबागांत गेलं, त्यामुळे फळझाडाखाली उभं राहण्याची सवय होती. तरीही जर्दाळू हे वेगळंच प्रकरण आहे. बेर्जेरों जातीच्या फळाला उन्हाच्या बाजूने सुंदर लाली चढते आणि नवखा माणूस ती लाली बघून हात घालतो. आमच्या मुकादम बाई फळ किंचित फिरवून सावलीकडची बाजू दाखवायच्या. तिथला हिरवा रंग उतरून पिवळा-केशरी झाला असेल तरच फळ तयार. ते अख्खं तळव्यात धरायचं, बोटांची टोकं लावायची नाहीत, कारण जिथे बोट रुततं तिथे पेटीत गेल्यावर तपकिरी डाग उठतो. ओढायचं तर नाहीच. जरा वर उचलून हलकेच पिळलं की तयार फळ देठापासून आपणहून सुटतं. सुटलं नाही तर ते उद्या-परवासाठी ठेवायचं. एकाच झाडाशी दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा यावं लागतं. गळ्यात अडकवलेली बादली भरली की ट्रेमध्ये फळं ओतायची नाहीत, हाताने घरंगळू द्यायची. पहिले काही दिवस हात हळू चालतो आणि सगळे पुढे गेलेले दिसतात. घाबरू नका. चांगला मुकादम वेगाआधी ट्रेमधलं फळ बघतो.

काम पहाटे सहाला सुरू होतं आणि दुपारी एकच्या सुमारास संपतं. साडेनऊला न्याहारीची सुट्टी असते आणि दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तोच. ट्रॅक्टरच्या सावलीत पाव, सॉसेज, चीज, थर्मासातली कॉफी, आणि गप्पा. द्रोममधलं बकरीच्या दुधाचं पिकोदों नावाचं छोटं गोल चीज मी तिथेच पहिल्यांदा खाल्लं. शाकाहारी असाल तर ते तुमचा जीव वाचवेल. गप्पा सुरुवातीला अजिबात कळत नाहीत. दक्षिणेकडचे उच्चार वर्गात ऐकवत नाहीत आणि म्हातारी माणसं शब्दाच्या शेवटचा प्रत्येक स्वर गाऊन म्हणतात. तरीही तिथून उठून एकटे मोबाइल घेऊन बसू नका. हवामान, पाठदुखी, फुटबॉल आणि जेवण या चार विषयांवर तिथे बहुतेक बोलणं होतं, शब्द तेच तेच फिरून येतात आणि बघता बघता कानात बसतात.

उन्हाला कमी लेखू नका. 'आम्ही विदर्भाची माणसं, आम्हाला काय!' असं म्हणणारे मी पाहिलेत. दक्षिण फ्रान्समध्ये २८ जून २०१९ रोजी हेरो जिल्ह्यातल्या वेरार्गमध्ये ४६ अंशांची नोंद झाली आहे. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत देशभरात सुमारे १५,००० माणसं गेली, त्यात बहुसंख्य वृद्ध होते. तेव्हापासून गावोगावच्या 'मेरी'त, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवतात आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस करतात. १ जुलै २०२५ पासून मालकांवर नियमही कडक झाले आहेत: हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा आला की कामाच्या वेळा बदलणं, सावलीची सोय करणं, आणि जिथे नळ नाही तिथे माणशी दिवसाला किमान तीन लिटर पाणी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पाणी मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

घरात राहण्याची रीतही वेगळी. आपल्याकडे उकडलं की आपण खिडक्या उघडतो. तिथे सकाळी आठ-नऊला लाकडी झडपा घट्ट लावून घेतात आणि रात्री गारवा आल्यावरच उघडतात. दगडी भिंती हातभर जाड असतात, त्यामुळे झडपा बंद ठेवल्या तर पंख्याशिवायही दुपार निघते. बाहेर मात्र वाळलेलं गवत आणि पाइनची झाडं असतात. उघड्यावर सिगरेट, गॅसची शेगडी, शेकोटी, काहीही नको. वणव्याच्या भीतीने गावाची आतषबाजीसुद्धा रद्द होते, तिथे तुमच्या चहाची काय कथा.

दुपारी बारा ते दोन, काही ठिकाणी चारपर्यंत, सगळं बंद. दुकान, पोस्ट, बँक, सगळं. रविवार दुपार आणि सोमवार तर पूर्ण सुनसान. शाळांना सुट्टी असल्याने शाळेच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या बस जुलै-ऑगस्टमध्ये धावत नाहीत, म्हणून वेळापत्रक बघताना सुट्टीतलं आहे ना ते तपासा. न्योंसला रेल्वे नाही. मोंतेलिमार किंवा व्हालॉन्सपर्यंत ट्रेनने यायचं आणि पुढे बस. मालक गावातून शेतावर न्यायला गाडी पाठवणार का, हे करार होण्याआधीच विचारा. जुनी सायकल मिळाली तर डोळे झाकून घ्या.

खरेदीसाठी आठवडी बाजार. न्योंसचा गुरुवारी, बुई-ले-बारोनीचा बुधवारी, व्हेजों-ला-रोमेनचा मंगळवारी. सकाळी लवकर गेलात तर शेतकऱ्याशी निवांत बोलता येतं. टोमॅटो, वांगी, दोडक्यासारखे कुर्जेत, लसूण, आणि १९९४ पासून भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालेलं न्योंसचं काळं ऑलिव्ह. ते सुरकुतलेलं दिसतं म्हणून सोडू नका, चव तिथेच आहे. बेसन हवं असेल तर सेंद्रिय दुकानात मिळतं, कारण दक्षिणेत चण्याच्या पिठाचे सोका आणि पानीस हे पदार्थ मुळातच होतात.

माणसांशी वागण्याचा एकच पाया आहे, 'बाँजूर'. बेकरीत शिरल्यावर रांगेतल्या सगळ्यांना मिळून, गल्लीत समोरून येणाऱ्या अनोळखी आजींना, बसच्या ड्रायव्हरला, सगळ्यांना. काय हवं ते त्यानंतर. हे विसरलात तर चेहरे लगेच आखडतात. वयस्कर माणसांशी अहो-जाहोनेच बोला, अरे-तुरेवर यायचं त्यांनी सुचवलं तरच या. संध्याकाळी सातला 'आपेरो'ला बोलावलं तर ते जेवण नसतं. काहीतरी चघळायला आणि प्यायला असतं, गप्पा असतात. दारू पीत नसाल तर पुदिन्याचं किंवा डाळिंबी सरबत सहज मिळतं आणि कोणी आग्रह करत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नका. मी कांदाभजी करून न्यायचे, परातभर भजी पहिल्या अर्ध्या तासात संपायची आणि मग कृती सांगताना तासभर फ्रेंच बोलणं व्हायचं. शाकाहारी असाल तर 'मांस नको, मासे नकोत, हॅमचे तुकडेही नकोत' असं फोड करून सांगा. तिथल्या कित्येक घरांत सॅलडमधल्या हॅमला कोणी मांसात धरत नाही.

पण गाव खऱ्या अर्थाने भेटतं ते उत्सवात. २१ जूनला १९८२ पासून देशभर संगीत दिवस साजरा होतो, अगदी लहान गावातही चौकात कोणीतरी अकॉर्डियन घेऊन बसतं. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, नाच. आणि ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आगेमागे, गावजेवण. आमच्या गावात 'आयोली' होती: उकडलेला कॉड मासा, बटाटे, गाजरं, फरसबी, अंडी, आणि त्यासोबत लसणाचं घट्ट पिवळं सॉस. त्या सॉसमध्ये अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तिकीट आधी काढावं लागतं, बेकरीत किंवा बारमध्ये वही ठेवलेली असते. ताट, पेला, काटा-चमचा आपापला न्यायचा. मला मुकादम बाईंनी सांगितलं, जेवायला सातला यायचंच आहेस तर पाचलाच ये. पाचला चौकात उत्सव समितीची माणसं प्लेन वृक्षांखाली लांबच लांब फळ्या टाकत होती. मी बाकं उचलली, कागदाचे टेबलक्लॉथ गुंडाळीतून उलगडून चिकटपट्टीने लावले, मग एका आजींबरोबर लसूण सोलायला बसले. त्या आजींनी माझ्या आईचं नाव, घरची शेती, द्राक्षांचा भाव, लग्नाचा विचार, सगळं विचारून घेतलं. निफाडच्या ओट्यावर बसल्यासारखंच वाटलं मला. दुसऱ्या दिवसापासून पोस्टात, बेकरीत मला नावाने हाक येऊ लागली. म्हणून सांगते, गावात कुठलाही कार्यक्रम असला की तिकीट काढण्याआधी 'मदतीला येऊ का?' विचारा. नाही कोणी म्हणत नाही.

रोज संध्याकाळी पेतांक चालतो. लोखंडी गोळे सहा ते दहा मीटरवरच्या लाकडी गोटीजवळ टाकायचे, तेरा गुण झाले की डाव संपला. आधी काही संध्याकाळी नुसते उभे राहून बघा, एक गडी कमी पडला की तुम्हाला बोलावतीलच.

सगळंच गोड आहे असं नाही. तोंड फिरवणारी माणसंही भेटतात. एका बागेवर तास लिहून ठेवत नव्हते आणि महिन्याच्या शेवटी पावतीत कमी तास दिसले. माझ्याकडे रोजच्या वेळा लिहिलेली वही होती, ती समोर ठेवल्यावर हिशेब दुरुस्त झाला. तुम्हीही पहिल्या दिवसापासून वही ठेवा, करार सही झाल्याशिवाय झाडाला हात लावू नका, आणि प्रकरण अडलंच तर जिल्ह्याच्या कामगार निरीक्षकांकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत.

शोध मार्चपासून सुरू करा. 'फ्रान्स त्रावाय' या सरकारी रोजगार सेवेच्या संकेतस्थळावर हंगामी कामं येतात, पण बागायतदाराला थेट फोन करणं जास्त चालतं. दोन-चार वाक्यं आधी लिहून काढा आणि दुपारी साडेबाराला, तो जेवायला घरी आलेला असताना, फोन करा. राहण्याची सोय आधी पक्की करा: काही जण खोली देतात, काही फक्त तंबूसाठी जागा. बरोबर लांब बाह्यांचे सुती सदरे, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट आणि लांब मोजे न्या, कारण गवतात गोचीड असते. रात्री आंघोळीच्या वेळी अंग तपासायची सवय लावा. जर्दाळू चुकला तर जुलैअखेरीस लॅव्हेंडरच्या कापणीत आणि अर्कभट्ट्यांवर थोडं काम असतं. सप्टेंबरची द्राक्षतोडणी नावाजलेली आहे खरी, पण तोवर बहुतेक विद्यापीठं सुरू झालेली असतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांनी जुलैचाच हंगाम धरावा.