फाटलेला ओठ: दोष विळीचा नाही, आणि बाळाला दूध कसं पाजायचं

बाळ ओठ फाटून जन्मलं की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत पहिला प्रश्न सुनेलाच: ग्रहणात विळीला हात लावलास का? वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे पाळी चुकल्याचं धड कळेपर्यंत त्याचं काम उरकत आलेलं असतं. सातव्या महिन्यातलं ग्रहण त्याला काय करणार? बरेचदा नेमकं एक कारण सापडतही नाही. आनुवंशिकता असते; आईचा आधीपासूनचा मधुमेह, फिट्सच्या काही गोळ्या आणि तंबाखू यांनी धोका वाढतो. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, पण ती कुणी मोजत नाही. गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

आधी टाळू बघा. तेल घालतो ती नव्हे, तोंडातली. बाळ रडत असताना टॉर्च मारून पार पडजिभेपर्यंत. नुसता ओठच फाटला असेल तर बाळ बहुधा अंगावर पितं. फट आईच्या अंगठ्यानं झाकली की झालं. टाळूही फाटली असेल तर तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ तासभर चोखतं, दमून झोपतं, पोटात काहीच नसतं.

अशा वेळी दूध पिळून बोंडल्यानं पाजा. बाळाला जवळजवळ बसतं धरा. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर, गालाच्या बाजूला टेकवा, फटीत नको. थोडं ओता, गिळू द्या, मगच पुढचं. पहिल्या आठवड्यानंतर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली. ३ किलोच्या बाळाला ४५० मिली, म्हणजे नऊ वेळा ५०. एक पाजणं अर्ध्या तासात संपवा आणि मध्ये दोन-तीनदा ढेकर काढा, कारण हवा फार जाते. नाकातून दूध आलं तर घाबरू नका, पुसा. ठसका लागला, ओठ निळे पडले तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. बोंडल्याच्या चोचीत साय अडकते; आतून घासून १० मिनिटं उकळा.

आशाताईंकडून दर आठवड्याला वजन करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत शिवतात, टाळू ९ ते १८ महिन्यांत. वजन किंवा हिमोग्लोबिन कमी भरलं की तारीख पुढं जाते. टाळू फाटलेल्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठतं, म्हणून बोलायला उशीर झाला तर आधी कान तपासा.